नऊ वीसची चौकट

मुरपार फाट्यावरच्या खांबाला डोळा बसवला,
तेव्हा लोक म्हणाले, वाघासाठी असेल.
वाघासाठी नव्हता.
गिट्टीचे टिप्पर रात्री भरधाव जातात,
पायी चालणारे त्यांना दिसत नाहीत, म्हणून.
माणूस ओळखला की खांबावर पिवळा दिवा लुकलुकतो.
ओळखायला त्याला मी शिकवतो,
ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत बसून,
एका चौकटीचे चाळीस पैसे.

पडद्यावर उजेड नसतोच, नुसती ऊब असते.
ऊन ते पांढरं, गार ते काळं.
पांढऱ्याभोवती रेघ ओढायची
आणि खाली लिहायचं: माणूस.

श्रावणात त्याला काहीच येत नव्हतं.
सहा दिवस झड लागली,
भिजलेली माणसं झाडांच्या रंगाची झाली.
छत्रीखाली नुसते पाय चालायचे,
पोत्याच्या खोळीत चेहरा उरायचा पावलीएवढा.
यंत्र म्हणे ससा.
मी खोडायचो. माणूस.
यंत्र म्हणे ससा.

पौषात सोपं गेलं.
धुक्यात हेडलाइट दोन हातांवर विझायचे
पण पडद्यावर फाटा लख्ख,
धुऱ्यावरून येणारा वारलू मेश्राम लख्ख,
विडी ओढली की त्याच्या तोंडाशी एक चांदणी.
यंत्र म्हणायचं, शंभरात सत्त्याण्णव खात्री.
एवढी तर वारलूच्या बायकोलाही नाही.

मग वैशाख लागला.
पारा सत्तेचाळीस, डांबर साठाच्या घरात,
माणूस बिचारा सदतीस.
दुपारी रस्ता पांढराफेक
आणि त्यावरून जाणारी माणसं काळीकुट्ट,
कोणी कातरीनं कापून नेल्यासारखी.
ऊन म्हणजे जीव, असं शिकवून बसलो होतो.
आता गार तोही जीव, हे नव्यानं शिकवलं.
शिकलं तेही.

पण रात्री डांबर उतरत उतरत येतं
आणि नऊ वीसच्या सुमाराला
रस्ता सदतीस, माणूस सदतीस.
पडद्यावर राख पसरलेली.

त्याच वेळेला बायनाबाई कुमरे
तेंदूच्या फडीवर पुडे मोजून देऊन घरी निघते.
मुरुमावर दिसते,
डांबरावर पाय ठेवला की नाहीशी होते,
पलीकडच्या गवतात पुन्हा उगवते.
मध्ये अकरा चित्रं, अकराही कोरी.
मी अकराही ठिकाणी चौकट काढली.

नागपूरहून खोब्रागडे मॅडमचा फोन:
इथे काहीच नाही हो, रिकाम्या जागेला माणूस कसं म्हणता?
म्हटलं, आहे ना जी तेथं.
डावा पाय ओढते ते, म्हणून अकरा.
दुसऱ्या कोणाले आठच लागले असते.
मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
महिन्याच्या हिशोबातून चार रुपये चाळीस पैसे कापले गेले.

परवाची गोष्ट.
बायनाबाईनं वाटेतल्या हापशीवर लुगडं भिजवून घेतलं असावं.
फाट्यावरच्या रपट्याच्या कठड्यावर ती टेकली,
पायातला काटा काढला, उठली, गेली.
कठड्यावर तिच्या ओलीची काळी खूण राहिली,
बसलेल्या बाईएवढी.
यंत्रानं खुणेभोवती चौकट काढली.
माणूस. शंभरात एक्क्याऐंशी.

सकाळी मी ते पाहत होतो, खोडायला हात नेला होता.
पुढच्या चित्रात टिप्पर आला,
दिवा लुकलुकत होता,
आणि टिप्पर हळू झाला, पार हळू,
रिकाम्या कठड्याला वळसा घालून
सावकाश पुढे गेला.
ती तेव्हा पुढच्या वळणावर पोचली असेल.
तिकडे खांब नाही.

चौकट राहू दिली.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
हिचे पैसे धरू नये.